महाविद्यालयाने शिकविलेले चार धडे

(शिरोळ येथे महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या सभेत तालुक्यातील एका वकील बंधूंनी केलेले भाषण.)



येथे जमलेल्या कित्येक घरांतील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी यंदा महाविद्यालयाची पायरी चढत आहे. कित्येक कुटुंबांनी धम्मदीक्षा घेऊनही अद्याप फार दिवस लोटलेले नाहीत. अशा वेळी मी माझ्या महाविद्यालयीन वर्षांविषयी चार शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली आणि ती मी आनंदाने मान्य केली.

कायद्याचे शिक्षण मी कोल्हापुरात घेतले. पहिले वर्ष जयसिंगपूरच्या स्थानकावरून गाडीने ये-जा करण्यात गेले. पुढे वसतिगृहात जागा मिळाली. गाडी गाठण्याची धावपळ, वसतिगृहातील पातळ आमटी, संमेलनातील गमती यांच्या आठवणी सांगत बसलो तर सभा रंगेल खरी, परंतु घरी परतताना आपल्या पदरात काहीच पडणार नाही. म्हणून त्या वर्षांत शिकलेल्या आणि पुढे वीस वर्षांच्या वकिलीत मला रोज उपयोगी पडलेल्या चार गोष्टीच मी आपणांपुढे मांडणार आहे. त्या केवळ वकील होऊ इच्छिणाऱ्यांसाठी नाहीत. परिचारिका होणाऱ्या मुलीला, यंत्रविद्या शिकणाऱ्या मुलाला आणि शेतमजुरी करून त्यांना शिकविणाऱ्या आईबापांनाही त्यांचा तितकाच उपयोग आहे.

पहिला धडा वाचनाचा. आपण म्हणाल, वाचावयास तर आम्ही पहिलीतच शिकलो! मलाही तसेच वाटत असे. परंतु पहिल्या वर्षी आमचे एक प्राध्यापक कायद्याचे एकेक कलम मोठ्याने वाचावयास लावीत आणि विचारीत, “यातला कोणता शब्द काढला तर कोणाचे नुकसान होईल?” ‘आणि’ व ‘किंवा’ यांत एखाद्याची जमीन जाते, ‘करील’ व ‘करू शकेल’ यांत एखाद्याचा हक्क केवळ अधिकाऱ्याची मर्जी होऊन बसतो. मार्गदर्शिका वाचण्यापूर्वी मूळ कायदा वाचा, असा त्यांचा कटाक्ष असे.

या वाचनाचे महत्त्व आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळावयास हवे? १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा की, हिंदू धर्माहून निराळा धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परंतु आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द नव्हता, म्हणून ज्यांनी आपला धर्म प्रामाणिकपणे कागदावर लिहिला त्यांच्या मुलांना केंद्र सरकारच्या सवलती मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या कक्षेतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या आदेशात मात्र तो एक शब्द येण्यास १९९० साल उजाडावे लागले. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे! एका शब्दाच्या अभावी एक संपूर्ण पिढी केंद्राच्या नोकरीच्या दारात अडून राहिली. दारिद्र्य तेच होते, गावकुसाबाहेरचे घर तेच होते. कागदावर एक शब्द नव्हता, एवढेच.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचे परिपत्रक असो, की बँकेचा करार असो, तो स्वतः वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका. समजले नाही तर विचारा. माझ्याबरोबरची काही हुशार मुले केवळ इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारावयाची लाज वाटते म्हणून वर्गात गप्प बसत, आणि परीक्षेत त्या मौनाची किंमत मोजीत. आपल्या आजोबांना पाटीला हात लावण्याची चोरी होती. तुम्हांला विचारण्याची मोकळीक आहे. तिचा उपयोग करा.

दुसरा धडा पुराव्याचा, आणि आज मला मुख्यतः याच्याविषयी बोलावयाचे आहे. न्यायालयात पहिला प्रश्न असतो, सिद्ध कोणी करावयाचे? जो एखादी गोष्ट आहे म्हणतो, त्याने. याला पुराव्याचा भार म्हणतात. हे तत्त्व मला ज्या खटल्यावरून कळले, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: महाडच्या चवदार तळ्याचा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्यानंतर काय झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विरोधी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तळे आमच्या वहिवाटीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची फार प्राचीन रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ साली अपील फेटाळले गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. सत्याग्रहापासून मोजले तर दहा वर्षे झाली.

उच्च न्यायालयाने तो निर्णय कशाच्या आधारे दिला? तळे नगरपालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक तळे होते, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढाच त्याचा आधार. वर्गात हे शिकताना काहींना तो निर्णय कोता वाटला. न्यायमूर्तींनी अस्पृश्यतेचा कडक शब्दांत धिक्कार करावयास हवा होता, असे त्यांचे म्हणणे पडले. प्राध्यापक म्हणाले, “धिक्कार वर्तमानपत्रातही करता येतो. जे हजार वर्षांची रूढी म्हणून मिरवीत होते, त्यांना ती रूढी पुराव्याने दाखविता आली नाही, ही नोंद न्यायालयाच्या दफ्तरात कायमची राहिली. तिचे मोल अधिक आहे.” हे वाक्य मी कधी विसरलो नाही.

आता हाच प्रश्न उलट बाजूने पाहा. महाडला पुराव्याचा भार आपल्या विरोधकांवर होता. आज आपल्या मुलाला किंवा मुलीला राखीव जागेवर व्यावसायिक महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असेल, तर जातीचा दाखला व त्याची पडताळणी लागते. महाराष्ट्रात २००१ साली अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे हा भार दाखला मागणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. तिच्या पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाला मिळालेले वैधता प्रमाणपत्र, हा आपला पुरावा.

येथे एक नाजूक गोष्ट मला स्पष्टपणे बोलली पाहिजे. दीक्षा घेतल्यावर काही घरांत जुने कागद फाडले जातात, जाळले जातात. ‘ज्या नावाने आम्हांला हिणविले, ते नाव घरात कशाला?’ ही त्यामागील भावना मला परकी नाही. परंतु धर्मांतरित बौद्धाला अनुसूचित जातीचा दाखला त्याच्या मूळ जातीच्या आधारेच मिळतो. शाळेत मुलाच्या नावापुढे ‘बौद्ध’ लिहिले असेल तर ते योग्यच आहे. पण त्या ‘बौद्ध’च्या मागे आजोबांची जुनी नोंद उभी नसेल, तर दाखल्याची वाट बिकट होते. तो कागद जपणे म्हणजे ती जात मानणे नव्हे. ज्याच्या घरी चोरी झाली तो चोरीच्या फिर्यादीची नक्कल जपून ठेवतो. म्हणून कोणी त्याला चोर म्हणत नाही. त्या जुन्या नोंदी ही आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची फिर्याद आहे, आणि तिचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. जात मनातून काढून टाका. कागद मात्र पेटीतून काढू नका.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावातील विद्यार्थिनीचे प्रकरण मजकडे आले. वडिलांनी दीक्षेनंतर आजोबांचा शाळेचा दाखला नष्ट केला होता, आणि उरलेले कागद महापुरात गेले होते. ती मुलगी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालीत राहिली. अखेर तिच्या आजीला आठवले की, आजोबा लहानपणी आपल्या मामाच्या गावी राहून शिकत होते. त्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात १९३८ सालची त्यांची नोंद सापडली: नाव, वडिलांचे नाव, जात, प्रवेशाची तारीख. मुलीने ती ओळ बोटाने चारदा वाचली.

ती ओळ तेथे का होती, याचाही विचार करा. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्या शिक्षणामुळे आपल्या किती वडीलधाऱ्यांची नावे रजिस्टरात चढली असतील! त्या काळचे काही दफ्तर मोडी लिपीत आहे. आपल्या मुलांपैकी एकदोघांनी जरी मोडी वाचावयास शिकून घेतले, तरी साऱ्या तालुक्याची सोय होईल.

तिसरा धडा मुदतीचा. वर सांगितलेली नोंद सापडली, तेव्हा प्रवेशाची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. मुलगी पात्र होती, गुण होते, पुरावाही हाती आला होता. पण त्या वर्षाची जागा गेली ती गेलीच. पुढील वर्षी तिला प्रवेश मिळाला, तरी आयुष्यातील ते एक वर्ष कोणी परत देऊ शकले नाही. कायद्यात मुदतीचा स्वतंत्र अधिनियम आहे, १९६३ सालचा. त्याचे सार एवढेच की, खरा हक्कसुद्धा वेळेत मागावा लागतो. दाव्याला मुदत आहे, अपिलाला मुदत आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जालाही मुदत आहे.

मुदत कशी सांभाळावी, याचे उदाहरण बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत सापडते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत सरली, तेव्हा १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली. मायदेशी अपमान सोसले. १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला. येथून जवळच असलेल्या माणगावची परिषद २१ व २२ मार्च १९२० रोजी झाली, आणि त्याच वर्षी जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. साठविलेली रक्कम, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांवर ते मुदतीच्या आत पोहोचले. १९२१ साली एम.एस्‌सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्‌सी. त्यांच्या बुद्धीचे गुणगान आपण नेहमीच करतो. ती चार वर्षांची मुदत त्यांनी मनात कशी मोजली असेल, याचाही विद्यार्थ्यांनी विचार करावा.

पालकांना माझी सूचना अशी की, पडताळणीचे काम बारावीचा निकाल लागल्यावर सुरू करावयाचे काम नव्हे. मुलगा अकरावीत गेला की कागद गोळा करावयास लागा. कोणत्याही कचेरीत अर्ज दिला की त्याच्या नकलेवर शिक्का, तारीख व सही घ्या. तोंडी सांगितलेले ‘होऊन जाईल’ कोणत्याही न्यायालयात वाचून दाखविता येत नाही.

चौथा धडा दुसरी बाजू ऐकण्याचा. कोणाचेही म्हणणे ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. आमच्या महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरे. एका वर्षी विषय चवदार तळ्याचाच निघाला, आणि चिठ्ठीत मजकडे काम आले ते वादींचे, म्हणजे आपल्या विरोधकांचे! मित्र म्हणाले, बदलून माग. मी मागितले नाही. तीन आठवडे ग्रंथालयात बसून मी त्यांची बाजू तयार केली. वहिवाट म्हणजे काय, रूढीला कायद्याचे बळ केव्हा येते, हे सारे धुंडाळले. आणि जितके अधिक शोधावे, तितकी त्या दाव्यातील पोकळी मला स्पष्ट दिसू लागली. ‘फार पूर्वीपासून’ या शब्दांच्या पाठीमागे दाखविण्यासारखे काहीच नव्हते. बाबासाहेबांच्या बाजूचे बळ मला विरोधकाच्या खुर्चीत बसून जितके कळले, तितके आपल्या खुर्चीत बसून कळले नसते.

हा धडा कचेरीपेक्षाही घरात अधिक लागू पडतो. मुलगी म्हणते, मला पुढे शिकावयाचे आहे. बाप म्हणतो, स्थळ आले आहे. अशा वेळी निर्णय आधी ठरतो आणि मुलीचे म्हणणे नंतर ऐकले जाते, किंवा ऐकलेच जात नाही. ज्या समाजाचे म्हणणे न ऐकताच पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याविरुद्ध निर्णय दिले गेले, त्या समाजातील बापाने आपल्या मुलीला हीच वागणूक द्यावी काय? तिला पुढे बसवा, तिचे संपूर्ण ऐका, मग बोला. गावातील तंट्यातही तसेच. आपला माणूस म्हणून त्याचे सगळे खरे, असे धरून चालणारा पुढारी शेवटी आपल्याच माणसाला तोंडघशी पाडतो.

बंधुभगिनींनो, हे चार धडे मला फुकट मिळालेले नाहीत, आणि त्यांची किंमत मी एकट्याने भरलेली नाही. ज्या काळी आपल्या माणसाला न्यायालयाच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्या काळी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. माझी सनद त्या सनदांच्या मागून आलेली आहे. पदवी घेणाऱ्या प्रत्येकावर असे कोणाचे तरी देणे असते, आणि ते देणे गावातच फेडावयाचे असते.

आज न्यायालय पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाला त्या कामासाठी मुंबई गाठण्याचे कारण उरले नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला, तसेच पूरग्रस्ताला मोफत वकील मिळू शकतो. परंतु तेथे जाणाऱ्याच्या हातात कागद नसेल, तर वकील मोफत मिळूनही काय करील?

म्हणून माझी एकच मागणी आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला एक संध्याकाळ विहारात बसावे. वस्तीतील एकेका घराचे कागद पाहावेत, काय आहे व काय नाही याची यादी करावी, हरवलेल्या नोंदी कोठे मिळतील ते टिपून ठेवावे. आपला तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. तेव्हा प्रत्येक घराने मूळ कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत उंच जागी ठेवावेत, आणि त्यांच्या नकला पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या गावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे द्याव्यात. पावसाळ्याच्या आत एवढे काम झाले, तर पुढील वर्षी या वस्तीतील एकाही मुलीची जागा अकरा दिवसांसाठी जाणार नाही.

पहिली बैठक येत्या रविवारी ठेवावी असे मी सुचवितो. मी स्वतः येईन. प्रत्येकाने येताना घरातील सर्वांत जुना कागद घेऊन यावे, आणि ज्यांच्या घरी तो उरला नसेल त्यांनी आजीला बरोबर आणावे.

जय भीम.